भाड्याच्या जागेत कोणती भाषा चालते?

आपल्या वस्त्यांमधून आता बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग करणारी मुले-मुली दिसू लागली आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. ज्या सोलापुरात आजी विडी वळत होती आणि आजोबा गिरणीत साचे चालवीत होते, त्याच सोलापुरात आज नात लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम लिहिते. परंतु या शिक्षणाबरोबर घरात काही नवे खर्चही आले आहेत. फी, पुस्तके, बसचा पास हे खर्च आई-वडिलांना समजतात. पण शेवटच्या वर्षाला मुलगा म्हणतो, "पप्पा, प्रोजेक्टसाठी होस्टिंग घ्यायचंय, पाच-सहा हजार लागतील," तेव्हा बाप गप्प बसतो. पैसे द्यायची तयारी असते, पण विचारायचे काय हेच ठाऊक नसते.

आजचे सदर अशा आई-बापांसाठी आणि त्यांच्या होतकरू पाल्यांसाठी आहे. विचारायचा प्रश्न एकच आहे आणि तो अगदी साधा आहे : "बाळा, तू ज्या भाषेत काम केलंस ती भाषा त्या जागेत चालते का?"

प्रथम जागा म्हणजे काय ते पाहू. वेबसाईट ही कुठल्या तरी संगणकावर ठेवावी लागते. तो संगणक रात्रंदिवस चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. असा स्वतंत्र सर्व्हर घेणे आपल्याला परवडत नाही. म्हणून कंपन्या एकाच सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकांना थोडी थोडी जागा भाड्याने देतात. याचे नाव शेअर्ड होस्टिंग. आपल्या भाषेत सांगायचे तर ही चाळ आहे. खोली आपली, पण नळ, जिना आणि विजेची तार सर्वांची मिळून. म्हणूनच भाडे कमी. आणि म्हणूनच मालकाचे नियम जास्त.

आता भाषा. माणसांच्या जशा मराठी, कन्नड, तेलुगू, तशा संगणकाच्याही भाषा आहेत : पीएचपी, पायथन, जावा, जावास्क्रिप्ट (सर्व्हरवर ती नोडद्वारे चालते), रुबी, पर्ल. मुलाने ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला ती भाषा समजणारे यंत्र त्या सर्व्हरवर बसवलेले असावे लागते. नसेल तर मुलाचे काम कितीही चांगले असो, ते तिथे चालणार नाही.

मग सगळ्याच भाषा सगळीकडे का चालत नाहीत? याचे कारण समजण्यासारखे आहे. चाळीच्या तळमजल्यावर मालकाने एक पिठाची गिरणी बसवली आहे असे समजा. ज्याला गरज असेल त्याने ज्वारीचा डबा न्यावा, दळण घ्यावे आणि निघावे. एकाच गिरणीवर शंभर घरांचे भागते. पीएचपी ही अशी सार्वजनिक गिरणी आहे. कोणी वेबसाईट उघडली की पीएचपी तेवढ्यापुरते काम करते, पान तयार करून देते आणि मोकळी होते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या वेबसाईटचा सर्व्हरवर जवळजवळ भार नसतो. पायथन आणि नोडमध्ये लिहिलेली वेबसाईट बहुधा वेगळ्या पद्धतीने चालते. ती प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या खोलीत घरघंटी लावून ती दिवसभर फिरती ठेवावी तशी असते. कोणी आले नाही तरी प्रोग्रॅम जागा असतो आणि मेमरी अडवून बसतो. शंभर खोल्यांत शंभर घरघंट्या फिरू लागल्या तर चाळीची तार जळेल. म्हणून मालक एक तर मनाई करतो, नाही तर जास्त भाडे घेतो.

ही व्यवस्था एका दिवसात आलेली नाही. पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये आणली आणि वेबच्या सुरुवातीच्या काळात पाहुण्यांची वही, भेटींचा आकडा, चौकशीचा फॉर्म अशी कामे तीच करीत असे. पण जुन्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक भेटीला प्रोग्रॅम नव्याने सुरू करावा लागे आणि सर्व्हर थकून जाई. जून १९९५ मध्ये रॅस्मस लेर्डॉर्फ यांनी पीएचपी जाहीर केली. त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. पीएचपी फुकट होती, सोबतचा मायएसक्यूएल हा डेटाबेस फुकट होता, लिनक्स आणि अपाची फुकट होते. त्यातच पीएचपी सर्व्हरच्या पोटातच बसवता येत होती, म्हणजे एकाच यंत्रावर शेकडो वेबसाईटी नांदू शकत होत्या. होस्टिंगवाल्यांना याहून सोयीचे काय असणार?

आपल्या राज्यातही हा धंदा तेव्हाच उभा राहिला. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या दोन भावांनी १९९८ मध्ये मुंबईत डिरेक्टी सुरू केली, तेव्हा ते दोघे विशीच्या आतले होते. वडिलांकडून घेतलेले २५,००० रुपये हे त्यांचे भांडवल होते. पुढे त्यांचे बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे होस्टिंगचे व्यवसाय २०१४ मध्ये एन्ड्युरन्स या अमेरिकन कंपनीकडे गेले. नाशिकमधून माइल्सवेब चालते. म्हणजे होस्टिंग ही परदेशातच मिळणारी वस्तू नाही. परंतु कंपनीच्या नावावरून भाषेचा पत्ता लागत नाही, हे लक्षात ठेवावे. एकाच कंपनीकडे लिनक्सचा प्लॅन वेगळा, विंडोजचा वेगळा, वर्डप्रेसचा वेगळा असतो आणि प्रत्येकात चालणाऱ्या भाषाही वेगळ्या असतात. म्हणून नावाची नव्हे, प्लॅनची तुलना करावी.

आता एकेक भाषा घेऊन ताळेबंद मांडू.

पीएचपी : सर्वांत स्वस्त प्लॅनमध्येही चालते. वर्डप्रेस हे २००३ मध्ये आलेले साधन पीएचपीचेच आहे आणि जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाईटी त्यावर चालतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तेही पीएचपीमध्येच लिहिलेले आहे. काही मुले हिला जुनी म्हणून नाक मुरडतात. पण मंडळाची वेबसाईट, वाचनालयाची पुस्तक-यादी, वधू-वर मेळाव्याची नोंदणी, गणवेश शिवणाऱ्या कारखान्याची मालसूची ही सर्व कामे तिच्यात उत्तम होतात.

पायथन : कॉलेजात आणि क्लासमध्ये हिचा बोलबाला आहे. जँगो आणि फ्लास्क ही तिची वेबसाईट बांधायची साधने. शेअर्ड होस्टिंगवर ती काही ठिकाणीच चालते. जिथे सीपॅनेलबरोबर क्लाउडलिनक्स बसवलेले असते आणि मालकाने सोय खुली ठेवलेली असते, तिथे पॅनेलमध्ये 'सेटअप पायथन अ‍ॅप' असे बटण दिसते. ते बटण दिसले तर आशा आहे. पायथनअ‍ॅनीव्हेअरसारख्या काही सेवा तर खास याच भाषेसाठी उभारलेल्या आहेत.

नोड : ही २००९ मध्ये आली. हिचेही तसेच. पॅनेलमध्ये 'सेटअप नोडजेएस अ‍ॅप' हे बटण शोधावे. पण गप्पांचा फलक, सतत बदलणारे आकडे, मागे अखंड चालणारे काम यांना स्वस्त प्लॅनमध्ये बहुधा थारा मिळत नाही. क्लासमध्ये नोडबरोबर मोंगोडीबी हा डेटाबेस शिकवतात, तर शेअर्ड होस्टिंगवर सर्वसाधारणपणे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असतो. म्हणजे डेटाबेसची वेगळी सोय करावी लागते.

रिअ‍ॅक्ट : येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. रिअ‍ॅक्टमध्ये केलेले दर्शनी काम शेवटी साध्या फायलींत रूपांतरित होते आणि पाहणाऱ्याच्या मोबाईलमध्ये चालते. ते कोणत्याही होस्टिंगवर ठेवता येते, गिटहब पेजेससारख्या मोफत सेवेवरही. अडचण येते ती मागच्या बाजूला नोड असेल तेव्हा.

जावा : कॉलेजात शिकवतात, पण शेअर्ड होस्टिंगवर क्वचितच मिळते, कारण तिला मेमरी फार लागते. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत, हेही पालकांनी लक्षात ठेवावे. दुकानदाराने "जावास्क्रिप्ट चालते" म्हटले म्हणजे जावा चालते असे नव्हे.

एएसपी डॉट नेट : ही मायक्रोसॉफ्टची. हिच्यासाठी विंडोज होस्टिंगचा प्लॅन घ्यावा, त्यात बहुधा प्लेस्क हे पॅनेल असते. लिनक्सचा स्वस्त प्लॅन घेऊन बसल्यास पैसे वाया जातात.

रुबी आणि पर्ल : पर्ल अजूनही पुष्कळ ठिकाणी असते, पण नवे काम तिच्यात फारसे कोणी करीत नाही. रुबीची स्थिती पायथनसारखीच. विचारल्याशिवाय घेऊ नये.

हे सारे इतक्या तपशिलाने का सांगायचे? कारण यात केवळ पैशाचा प्रश्न नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील गोष्ट सांगतो. वडील रिक्षा चालवतात, आई गणवेशाच्या कारखान्यात शिलाई मारते. मुलीने शेवटच्या वर्षाला अभ्यासिकेतील जागा नोंदवण्याची वेबसाईट केली. पायथन आणि जँगोमध्ये. चांगले, उपयोगाचे काम. आमच्या अभ्यासिकांत सकाळी जागेवरून भांडणे होतात हे तिने पाहिले होते. जाहिरात पाहून एका कंपनीचे तीन वर्षांचे होस्टिंग घेतले. फोनवरच्या माणसाने सांगितले, "मॅडम, सगळं चालतं." पैसे भरले, फायली चढवल्या, आणि पडद्यावर फक्त चुकीचा संदेश. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मुलगी रात्र रात्र जागत होती. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "तुला येत नव्हतं तर आधी सांगायचं होतंस. आम्ही काय झाडाला पैसे लावलेत?" मुलगी त्या दिवशी जेवली नाही.

तिची आई माझ्याकडे आली. मी मुलीजवळ बसलो. म्हटले, "तुझ्या लॅपटॉपवर चालवून दाखव." तिथे सर्व व्यवस्थित चालत होते. नाव नोंदवले, जागा मिळाली, पावती निघाली. मग तिने घेतलेल्या प्लॅनचे पान ओळ न् ओळ वाचले. पन्नास गोष्टी अनलिमिटेड लिहिल्या होत्या, पण भाषेच्या रकान्यात फक्त पीएचपी होती. कंपनीला विचारले तर उत्तर आले, "त्यासाठी वरचा प्लॅन घ्यावा लागेल." पैसे परत मागायची तीस दिवसांची मुदत तोवर उलटून गेली होती. मी तिच्या वडिलांना म्हटले, "दादा, पोरीला येतं. जागा चुकीची आहे. कन्नड बोलणाऱ्या माणसाला मराठी शाळेत उभं केलंत तर तो मुका ठरेल का?" ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मुलीला म्हणाले, "ते पावतीचं परत एकदा दाखव बघू."

परीक्षेपुरते तिने पायथन चालणाऱ्या एका मोफत खात्यावर काम दाखवले आणि ती पास झाली. घेतलेल्या जागेवर आता अभ्यासिकेच्या पुस्तकांची साधी यादी आहे. नुकसान अगदीच बुडीत गेले नाही. पण ते दोन आठवडे? आपल्या घरात शिकणारी मुलगी पहिलीच असते. तिला "तुला येत नाही" हे वाक्य एकदा ऐकू आले की ते तिला खरे वाटू लागते. सुखवस्तू घरातला मुलगा दुसरा प्लॅन घेतो आणि पुढे जातो. आपल्याकडे दुसऱ्या प्लॅनचे पैसे नसतात, म्हणून जागेचा दोष माणसाच्या माथी बसतो.

भाषेबरोबर तिची आवृत्ती, म्हणजे व्हर्जन, हेही विचारावे. भाषांनाही मुदत असते. मुदत संपली की सुरक्षेची दुरुस्ती येणे थांबते आणि वेबसाईटमध्ये चोर शिरू शकतो. पीएचपी ५.६ ची मुदत ३१ डिसेंबर २०१८ ला संपली, पीएचपी ७.४ ची २८ नोव्हेंबर २०२२ ला. पायथन २ ची १ जानेवारी २०२० ला संपली. नोड १८ ची एप्रिल २०२५ मध्ये संपली. जँगो ५.० ला किमान पायथन ३.१० लागते. पॅनेलमध्ये पायथन ३.६ असेल तर "पायथन चालते" हे उत्तर खरे असूनही आपले काम चालणार नाही. म्हणून नुसते "आहे का?" असे न विचारता "कितवी आहे?" असे विचारावे.

आता हिशेब. मी कारकून माणूस, हिशेबाशिवाय माझे सदर पुरे होत नाही. समजा जाहिरातीत "महिना ९९ रुपये" असे लिहिले आहे. बारीक अक्षरात असते की हा दर ४८ महिने एकदम भरले तरच. म्हणजे ४,७५२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ८५५ रुपये. एकूण ५,६०७ रुपये आजच द्यायचे. नूतनीकरणाचा दर वेगळा, आणि तो बहुतेक ठिकाणी पहिल्या दरापेक्षा बराच जास्त असतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चार महिन्यांचे काम असते. त्यासाठी चार वर्षांचे भाडे कशाला? महिन्याचा दर जास्त असला तरी एक महिना घ्यावा, भाषा चालते का पाहावे, मग पुढचे ठरवावे. मोफत सेवा शिकण्यापुरती जरूर वापरावी, पण संस्थेचे कायमचे काम तिच्या भरवशावर ठेवू नये. हेरोकू या नावाजलेल्या सेवेने आपले मोफत प्लॅन २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केले आणि अनेक विद्यार्थ्यांना नवी जागा शोधावी लागली.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीला पुढील प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर जपून ठेवावे :

१) माझी भाषा अमुक, आवृत्ती अमुक. ती मी घेत असलेल्या याच प्लॅनमध्ये चालते का?

२) डेटाबेस कोणता आहे? मायएसक्यूएल, पोस्टग्रेस की आणखी कोणता?

३) लागणारे जोडभाग बसवण्यासाठी एसएसएच मिळते का?

४) एका खात्याला मेमरी किती? "अनलिमिटेड" हा शब्द जागेबद्दल असतो, मेमरीला मर्यादा असतेच.

५) दुसऱ्या वर्षी किती पैसे लागतील? पैसे परत मिळण्याची मुदत किती दिवस? डोमेनचे पैसे त्यात धरले आहेत का?

६) डोमेन कोणाच्या नावावर राहील? ते आपल्या किंवा आपल्या संस्थेच्याच नावावर असावे.

आणि घेतल्यानंतर पहिल्याच दिवशी एक सोपी परीक्षा करावी. डेटाबेसमध्ये 'ज्ञानेश्वरी क्षीरसागर' असे काहीतरी मराठी नाव घालून ते परत वाचून पाहावे. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर डेटाबेसची अक्षरव्यवस्था बदलून यूटीएफ८एमबी४ करून घ्यावी. दोनशे नावे भरल्यावर हे कळले तर दोनशे नावे पुन्हा भरावी लागतात.

मुलांनाही दोन शब्द. कोणती भाषा शिकावी हे होस्टिंगच्या दरावरून ठरवू नका. पुण्यात नोकरीला पायथन किंवा जावा मागत असतील तर ती जरूर शिका. पण सोबत पीएचपीही थोडी शिकून ठेवा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने मुलाखतीला जाताना पायथन कामाला येईल, आणि आपल्या गावातील दुकानदाराला, मंडळाला, वाचनालयाला कमी भाड्यात वेबसाईट करून द्यायची असेल तेव्हा पीएचपी कामाला येईल. दोन्हींत कमीपणा कशातच नाही.

पालकांनी एवढेच करावे. संगणकातले काही कळत नाही म्हणून गप्प बसू नये. घर भाड्याने घेताना आपण पाणी येते का, मीटर वेगळा आहे का, हे विचारतोच ना? तसेच येथे भाषा विचारावी. आणि पैसे भरूनही काम चालले नाही, तर मुलाला बोल लावण्यापूर्वी त्याला आपल्याजवळ बसवून म्हणावे, "तुझ्या लॅपटॉपवर चालतंय का, दाखव मला." तिथे चालत असेल तर मुलाला येते आहे. मग जागा बदलायची, मुलगा नव्हे.